वनाचा नंदी

"कुंदे, बाहेर ये वं. वनाची आई आली," आईनं हाक मारली.

मी गणिताची वही तशीच टाकून ओसरीवर आले, तर दारात भोयरकाकू उभ्या. कपाळ रिकामं, हातात बांगड्या नाहीत. जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि धोतरातून दोन शिंगं वर आली होती. त्या शिंगांवरची पितळी टोपणं मी झोपेतही ओळखली असती.

"घे बेटा," काकू म्हणाल्या. "उद्या तान्ह्या पोळ्यात हा नंदी तूच नेजो. आम्हाले वर्षभर सण नाही. पण याची पूजा माह्या सासऱ्यापासून एका सालीही चुकली नाही. आमच्या हातून नाही तर तुह्या हातून होऊ दे. वनाच म्हणाली, कुंदाले दे."

माझे बाबा शिलाई मशीनवरून उठले. त्यांनी नंदी हातात घेऊन कपाळाला लावला आणि पाटावर ठेवला. "काळजी करू नका वहिनी," एवढंच बोलले.

आणि मी? मी मागच्या दारानं परसात पळाले आणि न्हाणीच्या भिंतीआड जाऊन बसले. ऑगस्ट संपत आला होता, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि माझे दात वाजत होते. घरच्यांना वाटलं, पोरीला भरून आलं. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, एक मी आणि दुसरा गावाबाहेरचा मारुती. वनाच्या बाबांना मी मारलं होतं. निदान वयाच्या दहाव्या वर्षी माझी तशी पक्की खात्री होती.

विदर्भाबाहेरच्या लोकांना तान्हा पोळा समजावून सांगावा लागतो. पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचे. कोणाचा मातीचा, कोणाचा लाकडाचा. बैलाखालच्या फळीला चाकं लावायची, दोरी बांधायची आणि वाजतगाजत तोरणाखाली न्यायचा. मग बैल घेऊन घरोघर जायचं. ज्याच्या दारी बैल जाईल त्यानं पोराला बोजारा द्यायचा, म्हणजे खाऊ, लाडू, मूठभर फुटाणे, जे असेल ते. आमच्या गावात मुलीही बैल नेत. कोणी नाक मुरडत नसे.

माझा बैल मातीचा. दरवर्षी कुंभाराकडून नवा यायचा आणि तोरणापर्यंत पोहोचता पोहोचता त्याचं एक शिंग हमखास गळायचं. वनाचा नंदी हातभर उंच, अस्सल सागवानी. तिच्या आजोबांनी स्वतः कोरलेला. मानेला वळण असं, की आत्ता वळून बघेल. डोळ्यांत काळे मणी, गळ्यात घुंगरांचा पट्टा. आणि पाठीवर मखमलीची झूल, ती मात्र माझ्या बाबांनी शिवलेली! हे सगळ्यात जास्त खुपायचं. बाबा गावचे शिंपी. पोळ्याआधीचे पंधरा दिवस आमच्या ओसरीवर झुलींचा ढीग पडायचा, आणि त्यात वनाच्या नंदीची झूल बाबा सगळ्यात मन लावून शिवायचे. आरसे, जरीची किनार, गोंडे. उरलेल्या चिंध्यांतून माझ्या मातीच्या बैलाला हातरुमालाएवढी झूल व्हायची.

"बाबा, तिले एवढी चांगली काहून शिवता?" मी एकदा फणकारले होते.

"अवं, मखमल तिचे बाबा आणून देते. मी फक्त टाके घालतो. तुह्या बैलाले मखमल घातली तर तो वजनानंच मोडून पडंल," बाबा हसून म्हणाले.

वनाचे बाबा, म्हणजे भोयरकाकाजी, चंद्रपूरकडच्या जंगलातून बांबू वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. महिन्यातून दोन-चार दिवस घरी यायचे आणि येताना पोरीसाठी काहीतरी आणायचेच. डोळे मिटणारी बाहुली. गळ्यात अडकवायची पाण्याची बाटली. टाचेच्या चपला. बारा रंगांचे स्केचपेन, ज्यांतला जांभळा मी एक दिवस मागितला आणि वनानं दिलाही, अगदी हसत दिला. त्यामुळे मला तिचा आणखी राग आला. तिनं नाही म्हटलं असतं तर मला मनमोकळं भांडता तरी आलं असतं. पण पोरगी भांडायची म्हणून नाहीच. माझ्या शेजारच्याच बाकावर बसायची, माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी आवडीनं खायची आणि मी तिच्या वस्तूंकडे बघत आतल्या आत जळत बसायची.

त्या वर्षी आषाढात एका शनिवारी मी गुळाचा खडा घेऊन मारुतीला गेले. पाच फेऱ्या मारल्या, गूळ ठेवला आणि हात जोडले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मोठ्यानंच बोलले, म्हणजे देवाच्या ऐकण्यात काही चूक नको. "मारुतीराया, यंदा वनाचा नंदी पोळ्यात येऊ देऊ नको. चाक मोडू दे, उंदरांनी झूल कुरतडू दे. काहीही कर, पण येऊ देऊ नको."

हे "काहीही कर" मला नंतर फार महागात पडलं.

भोयरकाकाजी तेव्हा घरीच होते. अंगात ताप होता, पण जंगलातून आलेल्या माणसाला ताप असायचाच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. बाजेवर पडून ते आमच्याशी गप्पा मारायचे. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांना ओळख पटेना, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, हिवताप मेंदूत गेला. चौथ्या दिवशी त्यांना घरी आणलं, ते पांढऱ्या चादरीत. वना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आईनं मला तिच्याजवळ जायला सांगितलं, पण मी आईच्या मागेच उभी राहिले. बायका रडत होत्या आणि त्यांच्यातली एक म्हणाली, "यंदाचा पोळा गेला बाई यांचा. वर्षभर सण नाही आता या घराले."

ते वाक्य कानावर पडलं आणि मला सगळं उमगलं. मारुतीनं चाक मोडलं नव्हतं, झूल कुरतडली नव्हती. त्यानं काहीही करून माझं मागणं पुरं केलं होतं. आणि आता वर तो नंदीच माझ्या दारात आणून ठेवला होता!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबांनी मखमलीची झूल काढून ठेवली आणि सकाळी बसून साधी पांढरी शिवली. आरसे नाहीत, गोंडे नाहीत. मी घासभरही खाल्लं नव्हतं. "मले ताप आहे," असं मी तीनदा सांगून पाहिलं. बाबांनी तीनदा कपाळाला हात लावून पाहिलं.

"काही ताप नाही. चाल. लोकाईनं विश्वासानं दिलं आहे, तोंड पाडून नको नेऊ."

"तुम्ही झडती म्हणाल ना?" मी विचारलं.

आता ही झडती म्हणजे आमच्या बाबांची खासियत. पोळ्यात बैलांपुढे उभं राहून गडी माणसं खणखणीत आवाजात जुळवलेल्या ओळी म्हणतात, त्या झडत्या. बाबा दरवर्षी माझा हात धरून तोरणाखाली यायचे आणि माझ्या बैलाच्या नावानं नवी झडती ठोकायचे. आदल्या वर्षीची मला अजून पाठ आहे.

"शिवून शिवून दुखला हात, बैलानं माह्या खाल्ला भात,
पोरगी निघाली गाणं गात, त्यानं शिंप्याले मारली लात!"

सगळं मैदान हसायचं, "हर हर महादेव" करायचं, आणि गळक्या शिंगाच्या माझ्या बैलाला तेवढ्यापुरता भाव यायचा. पण त्या दिवशी बाबा म्हणाले, "आज झडती नाही, बेटा. दुःखाच्या घरचा बैल आहे. गुमान नेऊ, गुमान आणू."

मी दोरी धरून निघाले. चाकं मुळीच कुरकुरत नव्हती. एवढी वर्षं ज्या दोरीकडे मी डोळे फाडून बघितलं ती माझ्या मुठीत होती आणि मला ती फेकून पळावंसं वाटत होतं. रस्त्यात बायका नंदीला हळदकुंकू लावून डोळे पुसत होत्या. "कोणाची नजर लागली बाई त्या घराले," एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली. ती बिचारी सहज म्हणाली असेल. मी खाली बघत दोरी ओढत राहिले.

शाळेच्या मैदानात तोरणाखाली साठ-सत्तर पोरं रांगेत उभी राहिली. गुरुजी वही घेऊन एकेक बैल बघत फिरले. मग कर्ण्यातून आवाज आला, "पहिला नंबर, कुंदा निमजे, इयत्ता पाचवी."

माझं नाव कर्ण्यातून कधी आलं नव्हतं. आता खोटं कशाला बोलू, पण त्या घडीला मी हरखून गेले. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी पुढे जाऊन स्टीलचा चकचकीत डबा घेतला, आणि डबा हातात आल्यापासून जागेवर परत येईपर्यंत भोयरकाकाजी मेले आहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं. हे आठवलं की अजून माझी मला शरम वाटते.

दिवस मावळायच्या आत नंदी परत द्यायचा होता. बाबा कोपऱ्यावर थांबले. "तूच जा. मैत्रीण आहे तुही," म्हणाले.

वना अंगणात एकटीच होती. काकू आत पडल्या होत्या. तिनं नंदी पाहिला, आत गेली आणि मूठभर फुटाणे घेऊन आली.

"दारी बैल आला. बोजारा द्या लागते," ती म्हणाली.

ते फुटाणे तिनं माझ्या ओंजळीत टाकले आणि माझा बांध फुटला. हुंदके देत मी तिच्या पायाशीच बसले.

"वना, मी मारलं तुह्या बाबाले."

"काय?"

मी सगळं सांगितलं. गुळाचा खडा, पाच फेऱ्या, काहीही कर म्हटलेलं, सगळं. मला वाटलं ती मला झिंज्या धरून मारेल. आईला हाक मारेल. मग सगळं गाव जमेल. मी खाली मान घालून वाट बघत बसले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"कोणत्या शनिवारी गेलती तू?"

"एकादशीच्या आधीच्या."

"बाबा त्याच्या आधीच्या गुरुवारी आले. ताप घेऊनच आले." तिनं पुन्हा बोटं मोजली. "तू तर शनिवारी मागितलं. मंग तुह्यानं कसं होईल?"

मी डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं. हा हिशेब मला सुचलाच नव्हता.

"तुह्यानं नाही झालं," ती म्हणाली. "माह्यानं झालं."

"तुह्यानं?"

"तुले तुहे बाबा हात धरून नेते. झडती म्हणते. मी दरवर्षी काकाच्या संगं जातो अन् तुह्या मागं उभी राहून ऐकतो. माह्या बाबाले पोळ्याची सुट्टीच भेटत नाही. म्हणून शाळा उघडली त्या दिवशी मी मारुतीपाशी मागितलं, यंदा पोळ्याले माह्या बाबाले घरी ठेव. ट्रकवर जाऊ देऊ नको." तिचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात उत्तर सांगावं तसा. "मंग त्यानं ताप देऊन आणलं घरी."

मग तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं माझं तोंड पुसलं. "तू नको रडू. तू लय नंतर मागितलं."

तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं नाही, दया आली नाही, "असं कसं म्हणतेस वना" असंही सुचलं नाही. महिनाभर छातीवर बसलेला दगड कोणीतरी उचलला एवढंच कळलं. तो उचलून तिनं कुठे ठेवला हे मला दिसत होतं आणि तरी मी बघितलं नाही. मी घरी पळत आले आणि आदल्या दिवशीच्या पुरणाच्या तीन पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या.

बाबा समोर बसून जेवता जेवता बघत होते. "सकाळपासून उपाशी होती, आता काय झालं?"

पोट भरलं होतं, भीती गेली होती, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. माझंही आणि वनाचंही. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी हात धुतला आणि मला जवळ ओढून मांडीवर घेतलं, एवढी मोठी घोडी झाले होते तरी.

"येडी का तू? अवं, देव असा मागंल ते देत असता तर तुह्या बापाचं मशीन कधीच विजेवर चाललं असतं. हिवतापानं गेला तो माणूस. डास चावला जंगलात. ना तुह्यानं, ना तिच्यानं. समजलं?"

"हाओ."

"अन् उद्या सकाळी जाऊन हेच वनाले सांगजो. मी सांगितलं असतं, पण लेकरानं विश्वासानं तुले सांगितलं. मी तोंड घातलं तर तिले वाटंल, कुंदीनं गावभर केलं. तूच सांग. जळत असंल ते पोरगं आतून. सांगशील ना?"

"सांगतो बाबा," मी म्हटलं, आणि सांगायचंच होतं मला, देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी शाळेत वना शेजारी बसली. मी सांगितलं नाही. आज नको, उद्या सांगू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सुरुवातीला वाटायचं, तिच्यानं नाही झालं म्हटलं तर ते पाप फिरून माझ्याकडे येईल. पण ती भीती आठ दिवसांत गेली, बाबांचं बोलणं मला पटलं होतं. मग उरलं ते दुसरंच. बाहुली तिच्याकडे, स्केचपेन तिच्याकडे, नंदी तिच्याकडे. आणि मांडीवर घेऊन "तुह्यानं नाही झालं" म्हणणारा बाप माझ्याकडे. माझ्याजवळ पहिल्यांदाच असं काही आलं होतं जे वनाकडे नव्हतं, आणि ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला एवढं सगळं कळत होतं का, असं कोणी विचारेल. शब्दांत नव्हतं कळत. पण प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आधी पोटात एक गोड कळ यायची आणि मी गप्प बसायची, हे मला पक्कं आठवतं.

वना शनिवारी मारुतीचा रस्ता सोडून नाल्याकडून शाळेत यायला लागली. चिखलानं तिचे पाय भरायचे. गुरुजींनी विचारलं तर म्हणायची, "इकडून जवळ पडते." जवळ कुठलं, दुप्पट लांब पडायचं. मधल्या सुट्टीत बोरं-चिंचा विकणारी बाई यायची. सगळ्या पोरी "मले दे, मले दे" करायच्या, पण वना उभीही राहायची नाही. ती कोणाकडे काही मागेनाशी झाली. खोडरबर विसरली तर बोटानं पुसून वही फाडायची, पण माझं मागायची नाही. एकदा बाबांनी विचारलं, "सांगितलं का वनाले?" मी म्हटलं, "हाओ, कधीच."

दिवाळीनंतर तिचे मामा न्यायला आले. काकूंचं माहेर तिकडे भंडाऱ्याकडे, तिथंच राहायचं ठरलं होतं. आम्ही सगळे एसटीच्या थांब्यावर गेलो. बाबा आणि मामा टपावर ट्रंका चढवत होते, माझी आई आणि काकू एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. वना आणि मी लिंबाखाली उभ्या होतो.

"कुंदे, एक विचारू?" ती म्हणाली. किती दिवसांनी तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं!

"विचार ना."

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. "मारुती लेकराईचं ऐकते का वं? खरंच?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. बाबांच्या तोंडचं, शब्दन्‌शब्द, डासासकट. एक श्वास घेतला असता तर सांगून झालं असतं.

"मले काय माहीत," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली, तशी ती काकूंच्या मागोमाग चढली आणि खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा तिनं हात बाहेर काढून हलवला. मीही हलवला, गाडी वळेपर्यंत, चांगला जोरजोरात.